बेळगावचा किल्ला, हलशी, देगाव : जुनी बांधकामं नीट बघायची तर कधी आणि कशी?

वेणुग्राम

पुण्या-मुंबईकडून येणारी बरीच मंडळी किल्ल्याच्या दारातल्या दुर्गेच्या आणि गणपतीच्या पाया पडतात, कमल बसदी या जैन मंदिरात दहा मिनिटं मान वर करून उभी राहतात आणि गोव्याच्या रस्त्याला लागतात. याचं मनापासून वाईट वाटतं. रट्ट राजांची राजधानी, गोव्याच्या कदंब राजांची देवळं, आदिलशाही मशिदी आणि इंग्रजांचा कॅम्प एवढं सगळं दोन दिवसांच्या अंतरात बसणारी शहरं फार नाहीत. म्हणून हा धागा. ज्याला जे नक्की माहीत आहे ते लिहावं. वेळ, रस्ता, कुठे काय शोधायचं, काय टाळायचं असं कामाचं हवं.

सुरुवात किल्ल्यापासून करतो. मध्यवर्ती बसस्थानकातून बाहेर पडलात की समोरच आहे, रिक्षा लागत नाही. आकार लंबगोल, आतली लांबी साधारण ९१० मीटर, रुंदी ७३० च्या आसपास. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्याला हा किल्ला आधी कळतच नाही, कारण तो सपाटीवर आहे. त्याची खरी ताकद खंदकात आहे. खंदक मऊ लाल दगडात खोदलेला आहे आणि तट त्याच्या काठावरून उठतो, बाहेरच्या जमिनीपासून ३२ फुटांपर्यंत. त्यामुळे आत शिरण्याआधी पुलावर थांबून दोन्ही बाजूंना खाली बघा. खालचा उभा कडा आणि वरची चिरेबंदी भिंत मिळून शत्रूला केवढं चढावं लागलं असतं, ते तिथेच समजतं.

मूळ किल्ला १२०४ च्या सुमाराचा, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातला. बांधणारा त्याचा अधिकारी बिचिराज. आज दिसणारा तट मात्र बराचसा आदिलशाहीतला आहे. याकूब अली खानाने तट बांधल्याचा १५३० चा फारसी लेख आहे. मधल्या काळात १४७२ मध्ये बहमनी वजीर महमूद गवानने वेढा घातला होता. त्यात त्याने सुरुंगाची दारू वापरली. दख्खनमध्ये तिचा असा वापर तेव्हा नवा होता. शेवटचा मोठा वेढा १८१८ चा, जनरल मन्रोचा. २० मार्चला सुरू झाला, १० एप्रिलला किल्ला पडला.

कोरीवकाम

कमल बसदीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिथे लोक छताकडे बघतात आणि खांब विसरतात.

बसदी १२०४ ची, बिचिराजानेच बांधलेली, मूलनायक, म्हणजे मुख्य मूर्ती, नेमिनाथाची. मुखमंडप, सभामंडप, अंतराळ, गर्भगृह अशी सरळ रचना. उत्तरकालीन चालुक्य शैलीचे सगळे गुण तिच्यात आहेत. दगड हिरवट-काळा, मऊ जातीचा. खाणीतून काढल्यावर लोण्यासारखा कापला जातो आणि हवा लागली की हळूहळू कडक होतो. म्हणून तर एवढी बारीक नक्षी जमली. खांब लेथवर फिरवल्यासारखे घोटलेले आहेत. तिरक्या उजेडात खांबाजवळ उभं राहून बघा : एका कड्यावर तुमचं प्रतिबिंब सरळ दिसेल, शेजारच्या खोलगट कड्यावर उलटं.

सभामंडपाच्या छतातून खाली लोंबणारं कमळ ही तिथली मुख्य गोष्ट. त्याला ७२ पाकळ्या आणि प्रत्येकीवर एक तीर्थंकर. भूतकाळातले २४, वर्तमानातले २४, भविष्यातले २४. मोजायचं असेल तर मधोमध उभं राहून मोजू नका, मान दुखते आणि आकडा चुकतो. एका खांबाची खूण धरून चौथ्या-चौथ्या भागाने मोजा.

फोटोसाठी एक सोपी युक्ती. फोन रुमालावर उताणा जमिनीवर ठेवा, बरोब्बर कमळाखाली. पुढचा कॅमेरा चालू करा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. हात हलत नाही, कोन सरळ येतो, ट्रायपॉडही लागत नाही. (पुरातत्त्व खात्याच्या जागेत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, रखवालदार हटकतात ते बरोबरच आहे.) फ्लॅश लावू नका. समोरून उजेड पडला की सावली मरते आणि कोरीव काम सपाट दिसतं.

शेजारची चिक्की बसदी अर्धवट उरली आहे. बहुतेक जण तिला मागचा पडका भाग समजून वळसा घालतात. तिच्या दर्शनी भागावरची नर्तक-वादकांची पट्टी आवर्जून बघा.

जांभाचिरा

वरच्या दोन्ही पोस्टना जोडून दगडाबद्दल सांगतो. आपल्या भागात दोन-तीन दगड ओळखता आले की निम्मा इतिहास नजरेने वाचता येतो.

जांभा : तांबडा, भोकाभोकांचा. ओला असताना कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे पाडता येतात, उन्हात वाळला की लोखंडाच्या अंशामुळे घट्ट होतो. त्यात डोळे, बोटं, दागिने कोरता येत नाहीत, कारण कणच मोठे. म्हणून तट, जोती, विहिरी, कॅम्पातले बंगले जांभ्याचे. मूर्ती आणि दारांच्या चौकटी मात्र हिरवट-काळ्या मऊ दगडाच्या, तो मलप्रभा नदीकडच्या पट्ट्यात मिळतो. आणि काळा बसाल्ट निपाणी-चिकोडीकडे, म्हणजे कोल्हापूरच्या अंगाला.

आता किल्ल्यात फिरताना काय करायचं? तांबड्या भिंतीत एखादा काळा, घोटीव चिरा दिसला की थांबायचं. तो बहुधा दुसऱ्या इमारतीतून आलेला असतो. सफा मशीद याचं उत्तम उदाहरण. १५१९ ची, असदखान या आदिलशाही सरदाराच्या वेळची. तिच्या खांबांवर नागरी लिपीत कोरलेले जुने कन्नड लेख आहेत. एक चौथ्या कार्तवीर्याच्या काळातला ११९९ चा, दुसरा यादव कृष्णाच्या काळातला १२६१ चा. म्हणजे एकाच सभागृहात रट्ट, यादव आणि आदिलशाही. किल्ल्यातली जामा मशीद त्यानंतरची, १५८५ ची, शेरखानाने बांधलेली.

खडेबाजारकर

सफा मशिदीचं एक सांगायचं राहिलं. किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, कमान असेल तिथे पहारेकऱ्याला आधी विचारा, 'आत जाता येईल का' एवढंच. कधी सोडतात, कधी नाही. वाद घालू नये. लष्करी इमारती, गाड्या, जवान यांचे फोटो काढायचे नाहीत. आणि ड्रोन तर बेळगावात आणूच नका, शेजारीच कॅन्टोन्मेंट आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावात आले होते. आधी भाटे वकिलांकडे आणि मग हरिपद मित्र या वन अधिकाऱ्यांकडे राहिले. मित्रांचं ते घर आश्रमाच्या आवारात जपलेलं आहे. जुन्या बंगल्याचा घाट कसा असतो, हे बघायलाही ते चांगलं आहे.

चालायचा क्रम माझ्या मते असा : सकाळी सातला पूल आणि खंदक, मग दुर्गा-गणपती, साडेसातला कमल बसदी, नंतर मशिदी, शेवटी आश्रम. तीन तास धरा. दहानंतर बसदीच्या आवारातली फरशी तापते. अनवाणी फिरायचं असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये पाय पोळतात, जाड मोजे ठेवा. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवायला सांगतात, ते आधीच पिशवीत टाका.

नवा_पाहुणा

खूपच उपयोगी. दुपारी शहरात काय बघावं? आणि संध्याकाळी राजहंसगड जमेल का?

खडेबाजारकर

जमेल. दुपारी कॅम्प करा, तिथे झाडी आहे. सेंट मेरीज चर्च १८६० च्या दशकातलं, गॉथिक धाटणीचं. टोकदार कमानी, बाहेरून भिंतींना दिलेले दगडी टेकू, रंगीत काचा. आतून बघायचं तर रविवारची प्रार्थना संपल्यावर विचारून जा, बाकी दिवशी दार बंद असू शकतं. कॅम्पातच असदखानाचा दर्गा आहे. सकाळी त्याची मशीद बघितली असेल तर दुपारी त्याची कबर बघणं जुळतं.

मग टिळकवाडी. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथे झालं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आणि शेजारचं वीरसौध, दोन्ही मिळून अर्धा तास पुरे. शहापूर हा निराळा विषय आहे. तो भाग सांगली संस्थानात होता, म्हणून तिथल्या जुन्या घरांचं वळण कॅम्पापेक्षा अगदी वेगळं. लाकडी खांब, दिंडी दरवाजा, आत चौक, आणि विणकरांच्या घरात मागाची खोली. ही राहती घरं आहेत. गल्लीतून बघावं, आत शिरू नये. कपिलेश्वराचं देऊळ तिथून जवळच.

राजहंसगड, म्हणजे येळ्ळूरचा किल्ला, शहराच्या दक्षिणेला, गाडी वरपर्यंत जाते. आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे. साडेचारच्या सुमारास पोचा. वर वारा जोराचा असतो, तटाच्या कडेला मुलांना सोडू नका.

मलप्रभाकाठ

शहराबाहेरचं मी लिहितो. एका दिवसात हलशी, देगाव आणि कित्तूर होतं, पण क्रम महत्त्वाचा आहे.

बेळगाव – खानापूर – नंदगड – हलशी – बीडी – देगाव – कित्तूर – हायवेने परत बेळगाव. असा गोल केला की आलेल्या रस्त्याने परतावं लागत नाही आणि अंधार पडायच्या आत चौपदरी रस्ता मिळतो. बेळगावातून साडेसहाला निघा. पेट्रोल खानापुरात भरा, नाष्टाही तिथेच. हलशीत जेवणाची खात्री धरू नका, भाकरी बांधून घ्या.

नंदगडला वाटेत थांबा. कित्तूरच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ ला इथे फाशी दिलं. समाधी आहे, लोक आजही श्रद्धेने येतात.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका. आद्य कदंबांची दुसरी राजधानी. मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ इथे जिनालय बांधलं, हे ताम्रपटांवरून कळतं. पाचव्या शतकातली ही हकीकत आहे, आणि आज उभी असलेली मोठी देवळं सातशे वर्षांनंतरची. गावात फिरताना हे अंतर लक्षात ठेवा, नाहीतर सगळंच 'कदंबकालीन' म्हणून एका पोत्यात जातं.

भूवराह नरसिंह मंदिरात एकाच मंडपाच्या दोन टोकांना दोन गर्भगृहं आहेत, समोरासमोर. एकात बसलेला विष्णू, दुसऱ्यात भूवराह, जवळजवळ पाच फुटांची मूर्ती. बाराव्या शतकात दोन टप्प्यांत हे घडलं. ११६९ मध्ये गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडी राज्यावर असताना नरसिंहाची स्थापना, ११८६-८७ मध्ये विजयादित्याने भूवराहाची. वराहासमोर उभं राहून मग मागे वळा, म्हणजे दोन देव एकमेकांकडे बघतायत ही रचना जाणवेल. पृथ्वीदेवी कुठे आणि कशी धरली आहे ते शोधा.

गावात सुवर्णेश्वर, कल्मेश्वर, गोकर्णेश्वर, हाटकेश्वर अशी आणखी देवळं आहेत, काही पडझडीत. वेळ असेल तर दीड-दोन तास द्या. फक्त भूवराह बघून पळणाऱ्याला हलशी बघितली असं म्हणता येणार नाही.

कोरीवकाम

देगावचं मी घेते. कमलनारायण मंदिर. शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने बांधवलं, स्थपती तिप्पोज. म्हणजे हलशीच्याच राजघराण्यातलं आणि त्याच पिढीतलं. म्हणून दोन्ही एका दिवशी बघण्याला अर्थ आहे. हलशीत दोन गर्भगृहं समोरासमोर, इथे तीन गर्भगृहं एका ओळीत : नारायण, लक्ष्मीनारायण आणि कमला. समोरून लांबच लांब खांबांचा मंडप जातो. हलशीला नजर शिखराकडे वर जाते, देगावला ती डावीकडून उजवीकडे धावते.

बघताना आधी बाहेरून, दहा-पंधरा पावलं मागे जाऊन, पूर्ण दर्शनी भाग एकदा डोळ्यांत घ्या. मग कक्षासनांच्या, म्हणजे मंडपाच्या कडेच्या दगडी बाकांच्या, बाहेरची कोरीव पट्टी उकिडवं बसून बघा, उभं राहून ती दिसतच नाही. नंतर आत. प्रत्येक दाराची द्वारशाखा, म्हणजे कोरीव चौकट, वेगळी आहे. तिन्ही दारं मोबाइलमध्ये टिपून शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक पटकन कळतो. मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळी आतपर्यंत उजेड जातो, दुपारी दर्शनी भाग सावलीत.

इथेच मलप्रभाकाठ यांच्या क्रमाशी माझं थोडं जुळत नाही. हलशी आधी केलं तर देगावला पोचेपर्यंत दोन वाजतात, मग आतलं काम टॉर्चवर बघावं लागतं. कोरीव कामासाठी जाणाऱ्याने उलटा गोल करावा : आधी हायवेने कित्तूरपर्यंत, तिथून थेट देगाव, साडेआठला हजर. कित्तूरचा किल्ला देगावहून परतताना, हलशी दुपारी.

मलप्रभाकाठ

ताई, उजेडाचा मुद्दा मान्य. स्वतःची गाडी असेल तर उलटाच गोल बरा. बसने जाणाऱ्याला मात्र माझाच क्रम सोयीचा, कारण बेळगाव–खानापूर बस सतत मिळते, हलशीच्या फेऱ्या मोजक्या. संध्याकाळी हलशीत अडकण्यापेक्षा कित्तूरला हायवेवर असलेलं चांगलं. खानापूर स्थानकात उतरल्यावर आधी कंट्रोलरला हलशीच्या परतीच्या बसची वेळ विचारा, मगच पुढे जा. आणि बसने तिन्ही एका दिवसात करू नका. हलशी एक दिवस, कित्तूर-देगाव दुसरा दिवस. कित्तूरहून देगावला रिक्षा करा आणि परतीचंही भाडं तिथेच ठरवा, देगावात रिक्षा थांबलेली नसते.

एक महत्त्वाचं. मॅपवर नुसतं 'देगाव' टाकलंत तर खानापूर तालुक्यातल्या भीमगड जंगलातलं देगाव येऊ शकतं. रस्ता जंगलात संपतो, मोबाइलला रेंज नसते, वनखातं अडवतं. 'कमलनारायण' टाका आणि ठिकाण कित्तूरजवळ दाखवतंय का, ते निघण्याआधी तपासा.

जांभाचिरा

कित्तूरच्या वाड्याबद्दल. हा दगडी राजवाडा नाही, भाजलेल्या विटांचा आहे, वर चुन्याचा गिलावा. १८२४ च्या दोन लढायांनंतर (पहिलीत, २३ ऑक्टोबरला, धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला) इंग्रजांनी किल्ला ताब्यात घेतला आणि पुढे वाडा उद्ध्वस्त झाला. छप्पर गेलं की गिलाव्यात पाणी शिरतं, विटा फुगतात, थर सुटतात. म्हणून आज आपल्याला भिंतींचा फक्त खालचा भाग दिसतो. पण त्यामुळेच घराचा नकाशा जमिनीवर काढल्यासारखा वाचता येतो : स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोनाडे, पाण्याची व्यवस्था. ध्रुवतारा बघायची नळी दाखवतात ती चुकवू नका. भिंतींवर चढू नये. वरची वीट पायाखाली सुटते, माणूसही पडतो आणि भिंतही जाते. आवारात संग्रहालय आहे, त्याची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या. २३ ऑक्टोबरच्या आसपास कित्तूर उत्सव असतो. तेव्हा गर्दी प्रचंड, बांधकाम बघायला ते दिवस नकोत. या लढायांत इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी बैलहोंगलला आहे.

निपाणीकडचा

उत्तरेच्या बाजूची भर घालतो. चिकोडी-निपाणीकडून येणाऱ्यांनी खिद्रापूर सोडू नये. गाव महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात, पण आपल्या हद्दीला चिकटलेलं. तिथलं कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं, काळ्या बसाल्टचं. पुढचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा, आणि खाली तेवढीच गोल शिळा. तिथे उजेडाचा गोळा दिवसभर सरकत असतो, दुपारी बारा-साडेबाराला तो मधल्या शिळेजवळ येतो. म्हणजे इथे दुपारीच जायचं. देवळात नंदी नाही. तो पलीकडे यडूरला, चिकोडी तालुक्यात आहे, असं दोन्ही काठांवर सांगतात. यादव सिंघणाचा १२१३ चा लेख खिद्रापूरच्या देवळात आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की हे रस्ते बंद होतात, जुलै-ऑगस्टमध्ये विचारल्याशिवाय निघू नका.

हुक्केरीचे आदिलशाही घुमट आणि संकेश्वरचं शंकरलिंग मंदिर हायवेपासून फार लांब नाहीत.

नवा_पाहुणा

शिलालेख आणि वीरगळ कसे बघायचे? नुसते उभे दगड दिसतात, कळत काही नाही.

जांभाचिरा

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गाई पळवण्याचा प्रसंग. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. वर लिंगाऐवजी पद्मासनातला जिन असेल तर तो जैन दगड. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर सतीशिळा.

शिलालेखासाठी टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. अक्षरांच्या खोबणीत सावली पडते आणि समोरून न दिसणारी ओळ उठून येते. चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. शक दिलेला असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९.

अक्षरांत खडू, पीठ, तेल किंवा पाणी अजिबात घालू नका. खडूची पूड दगडाच्या छिद्रांत बसते, पावसात ओली होते, वाळताना पापुद्रा सुटतो आणि अक्षराची कड जाते. तेलावर धूळ बसून काळा थर होतो, तो काढायला गेलं की नक्षीही खरवडली जाते. चुना फासलेल्या जुन्या मूर्तींचे चेहरे असेच बुजले आहेत. कुणी गावकरी प्रेमाने ओला फडका आणून देईल, त्याला नम्रपणे नको म्हणा आणि टॉर्चने दाखवा. एकदा ओळ उजळलेली बघितली की तोच पुढच्या माणसाला दाखवतो.

कोरीवकाम

हंगाम कुणी लिहिला नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर खानापूरकडे मुसळधार पाऊस, जांभ्यावर शेवाळ धरतं आणि पायऱ्या साबणासारख्या होतात. तेव्हा जायचंच असेल तर रबरी तळाच्या चपला, आणि हलशीच्या पडक्या देवळांत छताखाली उभं राहू नका. सौंदत्ती आणि हूलीचं पंचलिंगेश्वर करायचं असेल तर पौर्णिमा टाळा, विशेषतः माघ पौर्णिमा. यल्लम्मेच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांनी सगळा रस्ता भरलेला असतो.

नवा_पाहुणा

डिसेंबरचा दुसरा शनिवार-रविवार ठरवतोय. शनिवारी शहर, रविवारी गाडीने उलटा गोल. चालेल?

खडेबाजारकर

दिवस बदला. चर्च आतून बघायचं तर शहर रविवारी हवं. शनिवारी देगाव-हलशी करा, रविवारी किल्ला सकाळी सातला आणि प्रार्थना संपता संपता कॅम्प. आणि डिसेंबरात बेळगावला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा लॉज भरलेली असतात, तारखा बघून खोली आधी घ्या. सुवर्णसौध, म्हणजे अधिवेशनाची इमारत, हायवेलाच आहे, अधिवेशनाच्या काळात त्या बाजूला पोलिसांची नाकाबंदी असते. शनिवारी पहाटे निघताना अर्धा तास जास्तीचा धरा.